क्वालिटी की क्वांटिटी हा प्रश्न दुसरा, पगार कोण देतं हा पहिला (ईयू ४)

बारगीर२५ (धागाकर्ता)

मंडळी,

युरोपा युनिव्हर्सालिस ४ (ईयू ४), म्हणजे एखादं ऐतिहासिक राज्य चालवायचा संगणकावरचा गेम, त्याची चर्चा निघाली की पहिला प्रश्न ठरलेला: एका फौजेत पायदळ किती, घोडा किती, तोफा किती? उत्तरही आता सगळ्यांना पाठ आहे. सुरुवातीला पायदळाचा भरणा, दोन्ही बगलांना घोडदळाच्या दोन-दोन रेजिमेंट. लष्करी तंत्रज्ञानाच्या ७व्या पातळीला तोफा मिळाल्या की वेढ्यापुरत्या मोजक्या घ्यायच्या. १६वी पातळी आली की मागची रांग तोफांनी भरायला लागायचं, आणि शेवटी कॉम्बॅट विड्थ (एका रांगेत किती रेजिमेंट लढू शकतात तो आकडा) ४० झाली की पुढे चाळीस, मागे चाळीस. पैसा आटला तर आधी घोडा कापा. यात चूक काही नाही, मीही असंच खेळतो.

पण हाच साचा बिदरच्या बहमनींना आणि हाच व्हिएन्नाच्या हाब्सबुर्गांना, हे मला खटकतं. हजार माणसांची पायदळ रेजिमेंट १० डकॅट, घोडदळाची २५, तोफखान्याची ३०. सवलती पुढे आयडियांमधून (पॉइंट देऊन घ्यायच्या धोरणांमधून) मिळतात, पण मूळ दर सगळ्यांना एकच. म्हणजे गेमच्या लेखी फौज ही बाजारातून आणायची वस्तू आहे आणि राष्ट्रीय धोरण ही दुसऱ्या खिडकीतली वेगळी यादी. त्या यादीतली क्वालिटी (शिपाई चांगला) घेतली, क्वांटिटी (शिपाई जास्त) घेतली, तरी घोड्याची किंमत कोणी मोजली हा प्रश्न येतच नाही.

आपल्याकडची सगळी फौज नेमकी याच प्रश्नावर उभी होती. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. शिवाजी महाराजांच्या पागेत २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी, पाच हजारींवर पंचहजारी आणि सगळ्यांवर सरनौबत. शिवाय दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. महाराजांचा बखरकार सभासद याने हे सगळं लिहून ठेवलंय. पगार रोख नाहीतर वरातेवर (पैसे देण्याच्या सरकारी हुकमावर). फौजेच्या पोटी मुलूख तोडून द्यायचा नाही. हे झालं धोरण, आणि पागेचं वजन त्यातून आलं.

१६८९ नंतर चित्र उलटलं. राजाराम महाराज जिंजीला, खजिना रिकामा, आणि समोरून औरंगजेब सरदारांना मनसबी देऊ करतोय. सरदार टिकवायचे तर सरंजाम (फौज पोसायला तोडून दिलेला मुलूख) देण्यावाचून इलाज नव्हता. फौज वाढली, छत्रपतींच्या तिजोरीतून फारसं काही गेलंही नाही. गेला तो मुलखाचा वसूल आणि सरदारावरचा हुकूम. गेमच्या भाषेत बोलायचं तर क्वांटिटीचा अख्खा ग्रुप फुकट मिळाला आणि क्राउनलँड (थेट राजाच्या ताब्यातली जमीन) साफ झाली.

माझं म्हणणं एवढंच: फौजेचा साचा आपण निवडत नसतो. वसुलीची पद्धत तो आपल्यासाठी निवडून ठेवते. ईयू ३ च्या (२००७) धोरण इकडून तिकडे सरकवायच्या जुन्या पट्ट्यांमध्ये हे ईयू ४ पेक्षा जास्त जाणवायचं असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

चहाबाज

पहिला प्रतिसाद माझा, पुढच्यांसाठी चहा ठेवलाय.

बारगीरभाऊ, लेख झकास, पण मला जग एका रंगात रंगवायचं असतं आणि त्यासाठी क्वांटिटी डोळे मिटून. पहिल्याच आयडियेला मॅनपॉवर (भरतीला उपलब्ध माणसं) ५० टक्के वाढते, ग्रुप पुरा केला की फोर्स लिमिट (किती फौज बाळगता येते ती मर्यादा) ५० टक्के वाढतं. एआय (संगणक खेळवतो ती राज्यं) फोर्स लिमिट बघून घाबरतो, तुमच्या सैनिकाची शिस्त बघून नाही. दोनदा हरलो तरी तिसरी फौज तयार असते. क्वालिटीवाले एक लढाई हरले की दहा वर्षं मॅनपॉवर भरायची वाट बघत बसतात.

सगुणा_नवखी

वाचतेय. एक बाळबोध प्रश्न: आयडिया, राष्ट्रीय आयडिया आणि पॉलिसी यांत फरक काय? मी आत्ताच सुरू केलाय गेम आणि सगळीकडे नुसती चिन्हंच चिन्हं दिसतात.

बारगीर२५ (धागाकर्ता)

सगुणाताई, थोडक्यात सांगतो. आयडिया ग्रुप तुम्ही निवडता. एकात सात आयडिया, एकेक साधारण ४०० पॉइंटांना, म्हणजे पूर्ण ग्रुप २,८०० चा. प्रशासकीय ग्रुपला प्रशासकीय पॉइंट, लष्करी ग्रुपला लष्करी. अशा दर तीन आयडिया घेतल्या की तुमच्या देशाची एक राष्ट्रीय आयडिया आपोआप उघडते. ती त्या देशाची ठरलेली असते. पॉलिसी मात्र दोन पूर्ण ग्रुपच्या जोडीतून मिळते आणि ती जोडी वेगवेगळ्या खात्यांतली लागते. क्वालिटी आणि क्वांटिटी दोन्ही लष्करी, त्यामुळे दोन्ही घेतलेत तरी त्या दोघींची मिळून पॉलिसी नाही. इकॉनॉमिक किंवा इनोव्हेटिव्ह जोडीला घ्या.

आणि लष्करी पॉइंट तंत्रज्ञानालाही लागतात, सेनापती नेमायलाही लागतात, हे विसरू नका. पहिल्या शंभर वर्षांत दोन लष्करी ग्रुप घेणारे तंत्रज्ञानात मागे पडतात आणि मग दुप्पट फौज असूनही मार खातात.

सगुणा_नवखी

धन्यवाद! वाचनखूण साठवली.

स्टॉकहोमचा_पाऊस

चहाबाज, तुमचं क्वांटिटीपुराण एआयपुरतं खरं आहे. समोर माणूस बसला की चाळीसच्या रांगेत चाळीसच उभे राहतात, तुमची तिसरी फौज नकाशावर पलीकडे हवा खात असते. तिथे क्वालिटी पूर्ण केल्यावर मिळणारी ५ टक्के शिस्त पायदळ, घोडा, तोफा सगळ्यांनाच लागते आणि मारही कमी बसतो. आकडा लहान दिसतो, पण लांबलेल्या लढाईत फरक दिसतो.

आता धाग्याच्या मूळ मुद्द्याला माझा पाठिंबा, आणि त्यासाठी उदाहरण मी राहतो तिथलंच देतो. (गेम बनवणारी पॅराडॉक्स कंपनीही इथलीच, म्हणून स्वीडनचे लाड होतात अशी एक तक्रार नेहमी असते. असो.)

स्वीडनची फौज गेममध्ये नुसती 'चांगली' आहे. ती चांगली का होती? अकराव्या कार्लने १६८० पासून सरदारांकडे गेलेल्या जमिनी राजाकडे परत घ्यायला सुरुवात केली, त्याला इथे रेडुक्शन म्हणतात. मग १६८२ पासून वाटणीची पद्धत नव्याने बसवली. काही शेतं मिळून एक गट, त्याला रोते म्हणत. त्या गटाने एक सैनिक पोसायचा: त्याला झोपडी, जमिनीचा तुकडा, कपडे. शांततेत तो गडी शेती करतो, ठरलेल्या वेळी कवायतीला जातो, युद्ध आलं की रेजिमेंटमध्ये. घोडदळाचा स्वार पोसायला मोठी शेतं, आणि त्यांना करात सूट. एका रेजिमेंटमध्ये दहा-दहा अँडर्सन असायचे म्हणून त्यांना लष्करी आडनावं देत: रास्क म्हणजे चपळ, मोदिग म्हणजे शूर. ही आडनावं आजही इथे भेटतात.

यातला मुद्दा बघा. रोख पैसा जवळजवळ लागतच नाही. पण मेलेल्या सैनिकाच्या जागी दुसरा देणं त्याच गटाच्या गळ्यात. एका युद्धापुरतं ते जमतं. बारावा कार्ल १७०० पासून लढत राहिला आणि १७०९ साली पोल्ताव्याला मूळ शिकलेली फौज गेली, तेव्हा तेवढीच शेतं पुन्हा पुन्हा माणसं देत होती. गेममध्ये याचं रूप 'मॅनपॉवर सावकाश भरते' एवढंच. पण कोणत्या गावाची माणसं संपली, त्या शेतावर मग कोण राबलं, यातलं काहीच उत्पन्नात उतरत नाही.

दख्खनी_तोफ

छान चाललंय, पण मी थोडा विरोधात बोलणार.

बारगीरांच्या मांडणीवरून असं वाटतं की धोरण नीट असलं की साचा आपोआप नीट होतो. मग पानिपताचं काय? तिथे साचा बदलला तो धोरणातून नाही. उदगीरला १७६० साली इब्राहिमखान गारदी आपल्याकडून लढला, आणि निजामाकडच्या फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झालेल्या पद्धतीचं कवायती पायदळ (गारदी) आणि तोफा पुण्याला मिळाल्या. भाऊसाहेबांनी ती उत्तरेत नेली. तोवर आपली फौज म्हणजे पालखेडची फौज: १७२८ साली थोरल्या बाजीरावांनी निजामाला त्याच्याच तोफांच्या ओझ्याखाली दमवलं होतं. आता तोफा आपल्याकडे होत्या आणि दमायची पाळीही आपली.

मल्हारराव आणि सूरजमल जाट म्हणत होते की बुणगे (न लढणारी माणसं) आणि जड सामान मागे ठेवा, हलक्या घोड्याने लढा. भाऊंना गोलाची लढाई (सगळ्यांनी आपली जागा धरून, बुणगे मध्ये घेऊन) हवी होती. १४ जानेवारी १७६१ ला गारद्यांनी आपल्या बाजूला रोहिल्यांना हटवलंही, मग विंचूरकर आणि गायकवाडांचा घोडा जागा सोडून पुढे घुसला आणि गोल फुटला. हा सरळसरळ फौजेच्या रचनेचा आणि सेनापतीच्या हुकमाचा प्रश्न आहे. पगार कोणी दिला याने काय फरक पडला असता?

बारगीर२५ (धागाकर्ता)

तोफराव, उत्तर तुमच्याच प्रतिसादात आहे. घोडा जागा का सोडतो? सरंजामी पथक आपल्या सरदाराचं असतं. त्याचा घोडा मेला तर नुकसान त्याचं, लूट मिळाली तर फायदा त्याचा. अशा स्वाराला तासन्‌तास गारद्यांच्या बाजूला गोळे खात उभं राहा म्हणणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय. गारदी उभा राहतो कारण त्याला रोख पगार आहे आणि कवायत आहे. एका रांगेत दोन अर्थव्यवस्था उभ्या होत्या. गेममध्ये मात्र घोडा आणि पायदळ एकाच खजिन्यातून पगार घेतात, म्हणून ते शेजारी शेजारी सुखाने लढतात.

आणि रोख पगाराचं काय झालं ते आठवा. दिल्लीत दिवाण-इ-खासचं चांदीचं छत उतरवून नाणी पाडावी लागली, तीही लढाईच्या कितीतरी महिने आधी. पुढे ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला तेव्हा धान्य मिळालं, पण अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली आणि दक्षिणेची वाट बंद. गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले तेव्हा रसदीची उरलीसुरली आशाही गेली. रोख पगाराची फौज, आणि रोख पुण्यात. तुम्ही म्हणता तो साचा १७६० मध्ये आपल्याला परवडणारा नव्हता. भाऊसाहेब तंत्रज्ञानात बरोबर होते, खजिन्यात नाही.

मुक्काम_पोस्ट_अंबड

बुणग्यांवरून आठवलं. सभासदाच्या त्याच वर्णनात फौजेबरोबर बायका, बटकी, कलावंतिणी न्यायच्या नाहीत अशी सक्त ताकीद आहे. पानिपतावर यात्रेकरूंसकट सगळा गावच होता. ईयू ४ मध्ये एका प्रांतात सप्लाय लिमिटपेक्षा जास्त रेजिमेंट घुसवल्या की ॲट्रिशन (लढाईविना माणसांची घट) बसतं, पण तिथे मोजले जातात ते लढणारे. खाणारी तोंडं मोजणारा मोड (खेळाडूंनी गेममध्ये केलेला बदल) कोणी बनवला असेल तर लिंक द्या.

चहाबाज

तसा मोड आला तर माझी प्रत्येक मोहीम पानिपत होईल.

कंपूवाला

पुढचा अंक राहिला की राव. महादजी शिंदे!

महादजी पानिपतावरून वाचून आलेला माणूस आणि त्याने नेमका पैशाचा धडा घेतला. १७८४ साली द बॉयन हा युरोपियन सेनानी नोकरीत आला, आधी दोनच पलटणी. १७८७ मध्ये लालसोटला पाय मागे घ्यावा लागला. मग कंपू (कवायती पलटणींची फौज) वाढवला आणि १७९० च्या एकाच वर्षात पाटण आणि मेडता. मेडत्याला राठोडांचा घोडा कवायती पायदळावर येऊन आपटला, तो प्रसंग कोणत्याही 'क्वालिटी विरुद्ध शॉक' वादात सांगण्यासारखा आहे. १७९३ ला लाखेरीला होळकरांची फौज याच कंपूने मोडली.

पण धाग्याच्या विषयासाठी महत्त्वाचं वेगळंच आहे. कंपूचा पगार महिन्याच्या महिन्याला निघावा म्हणून महादजींनी द बॉयनला दोआबातला मुलूखच लावून दिला, अलीगढच्या बाजूचा. वसूल थेट पलटणींकडे. म्हणजे आधुनिक फौज आणि तिचा खर्च भागवायला जुनाच सरंजाम! फरक इतकाच की सरंजामदार आता फ्रेंच बोलणारा, आणि त्याने वसुलीचा हिशोब चोख ठेवला.

याची किंमत १८०३ मध्ये कळली. द बॉयन केव्हाच युरोपात परतला होता, महादजी १७९४ मध्येच गेले. मुलूख आणि फौज दोन्ही त्याच्या जागी आलेल्या पेराँच्या हातात. इंग्रजांनी शिंद्यांकडच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना बाहेर पडायचं आमिष दाखवलं आणि बरेच पडले. पेराँ सप्टेंबरातच इंग्रजांच्या आश्रयाला गेला. तरी शिपाई आणि गोलंदाज कसे लढले बघा: २३ सप्टेंबरला असईला केळणा नदीच्या काठी वेलस्लीची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. साचा उत्तम होता, शिपाई उत्तम होते. वरचा अधिकारी करारावर आलेला होता, करार संपवून गेला.

स्टॉकहोमचा_पाऊस

जबरी प्रतिसाद, कंपूवाला. ईयू ४ च्या १.३० आवृत्तीत (२०२०) भाडोत्री सैन्य कंपन्यांच्या रूपात आलं, ते यातलं थोडंफार पकडतं. आधी भाडोत्री पायदळ एकेक रेजिमेंट विकत घेऊन पुढच्या रांगेत मरायला उभं करायचं आणि मागे स्वतःच्या तोफा, ही सगळ्यांची लबाडी होती. आता अख्खी कंपनी घ्यावी लागते आणि तुमच्या स्वतःच्या फौजेची व्यावसायिकता (गेममधला एक आकडा) घसरते. पण कंपनी शत्रूला जाऊन मिळाली असं काही होत नाही, आणि १८०३ चं मर्म तेच आहे.

प्रशियाप्रेमी

इतके प्रतिसाद आले आणि प्रशियाचं नाव कोणी काढेना? स्पेस मरीन (गेममधल्या प्रशियाच्या जबर पायदळाचं टोपणनाव) कुठे आहेत?

१७३३ ची कँटन पद्धत बघा. प्रत्येक रेजिमेंटला जिल्हे नेमून दिले, तिथलीच पोरं भरती, कवायतीचे काही महिने सोडले तर ती शेतावर. त्याशिवाय बाहेरून विकत आणलेले शिपाई. १७४० मध्ये फ्रेडरिक गादीवर आला तेव्हा जेमतेम २२ लाखांच्या राज्यात ८० हजारांच्या आसपास फौज आणि बापाने साठवलेले सुमारे ८० लाख थालर रोख. रोख! भाऊसाहेबांकडे नव्हतं ते हेच. आणि सरदार वर्ग फौजेचा मालक नव्हता, फौजेत नोकर होता. जमिनीवर त्यांचा हक्क राहिला, पण रेजिमेंट राजाची.

गेममध्ये प्रशियाला लष्करीकरणाचं वेगळं यंत्र दिलंय, आणि राज्य फार फुगवलं की ते टिकवणं जड जातं. धोरण आणि फौज यांची गाठ ईयू ४ मध्ये कुठे नीट बसली असेल तर इथे. बारगीर, तुमच्या तक्रारीला हा अपवाद आहे.

बारगीर२५ (धागाकर्ता)

मान्य, अपवाद आहे, आणि म्हणूनच तो खेळायला मजा येते. माझी मागणी तशीच गाठ सगळ्यांना मिळावी इतकीच. 'धर्मा' ही गेमची पुरवणी (२०१८) आली तेव्हा मराठे आणि रजपूत यांच्या वेगळ्या इस्टेटी (राज्यातले वर्ग) दिल्या, तेव्हा मला आशा होती की शिलेदारीचं काहीतरी येईल. आल्या त्या निष्ठा आणि प्रभावाच्या दोन टक्केवाऱ्या.

ईयू ३ च्या पट्ट्या का आठवतात ते सांगतो. त्यात क्वालिटी-क्वांटिटी ही एक पट्टी होतीच, पण शेजारी सरदारशाही-धनिकशाही, केंद्रीकरण-विकेंद्रीकरण, वेठबिगारी-मुक्त प्रजा अशा मिळून आठ होत्या. सरदारशाहीकडे सरकलात की घोडदळ स्वस्त. प्रजा मुक्त केलीत की पायदळाचं मनोबल चढतं, पण वेठीचा स्वस्त शिपाई गेला. एकेक घर सरकवायला वर्षानुवर्षं थांबायचं, आणि सरकवलं की कुणीतरी नाराज होऊन एखादा इव्हेंट अंगावर यायचा. फौजेचा साचा त्या पट्ट्यांतून हळूहळू बदलायचा. ईयू ४ मध्ये २,८०० पॉइंट साठले की क्वालिटी आणि क्वांटिटी दोन्ही एकाच देशाकडे, एकीने दुसरीला काही अडत नाही. हे मला कधीच पटलं नाही.

हवालदार_एचओआय

हार्ट्स ऑफ आयर्न ४ (पॅराडॉक्सचाच दुसऱ्या महायुद्धावरचा गेम) वाले इथे चालतील का? आमच्याकडे भरतीचे कायदे आहेत: फक्त स्वेच्छेने म्हणजे लोकसंख्येच्या १.५ टक्के, मर्यादित सक्तीला २.५, व्यापक सक्तीला ५, आणि तिथून वर चढलात की कारखान्यांच्या उत्पादनाला कात्री. धोरण आणि फौज एकाच काट्यावर. तरी लोक डिव्हिजनचा साचा नेटवरून उचलतातच.

सगुणा_नवखी

मग मी ईयू ५ च घ्यावा का? त्यात पट्ट्या परत आल्यात असं ऐकलं.

स्टॉकहोमचा_पाऊस

आल्यात, 'सामाजिक मूल्यं' या नावाने, आणि क्वालिटी-क्वांटिटी त्यात आहे. शिवाय तिथे लेव्ही (युद्धापुरती बोलावलेली माणसं) आणि कायम फौज वेगळी: लेव्ही तुमच्या लोकसंख्येतून उठते, म्हणजे शेतावरचा माणूस खरंच शेतावरून कमी होतो. रोतेचं दुखणं मी वर लिहिलं ते तिथे उत्पन्नात दिसतं. पण ताई, संगणक दणकट लागतो, आणि पहिला गेम म्हणून घेऊ नका. ईयू ४ मध्ये आधी एखादा पोर्तुगाल खेळून बघा.

कंपूवाला

ईयू ५ चा आरंभ १३३७ चा, हे आपल्यासाठी अजून गमतीचं. तेव्हा बहमनी जन्मायचेत, देवगिरीचं दौलताबाद होऊन दहा वर्षं झालीत आणि दख्खन मुहम्मद तुघलकाची. दहा वर्षांनी, १३४७ ला बहमनी फुटून निघतात ते दख्खनच्या अमीरांच्या बंडातूनच. पुन्हा तोच प्रश्न, फौज कोणाची.

दख्खनी_तोफ

बारगीरांचं 'दोन अर्थव्यवस्था एका रांगेत' पटलं, पण अर्धंच. १७९५ ला खर्ड्याला शिंद्यांचे कंपू आणि सरंजामी घोडा एकत्र लढले आणि निजामाला तह करावा लागला. म्हणजे जमतं. फक्त निजाम हा अब्दाली नव्हता आणि रसद बंद नव्हती. तेव्हा माझा मुद्दा कायम: रसद आणि सेनापती आधी, पगार मग.

बारगीर२५ (धागाकर्ता)

खर्ड्याचा दाखला चांगला आहे, पण ती मोहीम घराशेजारची आणि थोडक्या दिवसांची. पगार थकायला वेळच मिळाला नाही. तीच फौज वर्षभर यमुनेकाठी ठेवा आणि मग बोलू.

आता कामाचं. मी बहमनींचा नवा खेळ लावतोय, घरचे नियम घालून: क्वालिटी घेतली तर क्वांटिटी कधीच नाही, क्राउनलँड निम्म्याच्या खाली असेल तोवर तोफा फक्त वेढ्यापुरत्या, सरदारांना जितके विशेषाधिकार तितकीच घोडदळाची मुभा. मल्टिप्लेअर करायचा का? विजयनगर आणि गुजरात रिकामे आहेत.

चहाबाज

गुजरात माझा. क्वांटिटी घेणार, आधीच सांगून ठेवतो.

प्रशियाप्रेमी

विजयनगर मला द्या. पण रविवारी संध्याकाळी नको, शनिवारी रात्री ठेवा.